सहा हात पाणी

होळीच्या आदल्या रविवारी तांड्याच्या विहिरीतलं पाणी मोजलं, तेव्हा अंजूच्या अंगात नुसतं वारं भरलं होतं. दोरीला दगड बांधून ती तळापर्यंत सोडायची, वर काढायची आणि किती गाठी भिजल्या ते पाहायचं. दर हातावर एक गाठ; हात म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. तीन वर्षांपूर्वी पाच हात भिजले होते. यंदा चक्क सहा.

तीन वर्षांपूर्वीच तिच्या आजोबांनी, देवसिंग नाईकांनी, सगळ्यांना मनवून तांड्यामागची टेकडी चराईला बंद केली होती. ती बंदी ठेवायची की उठवायची, हे आजच्या बैठकीत ठरणार होतं. शेळ्यांवर घर चालवणारे रामलालकाका उठवा म्हणत होते.

नववीतली अंजू पन्नास माणसांसमोर उभी राहिली, तीही आवाज जरासुद्धा न कापता. वाढलेलं गवत, अडलेली माती, मुरलेलं पाणी, सगळं घडाघडा बोलली आणि दोरी आजोबांच्या हातात दिली. बायकांनी माना डोलावल्या. काका खाली बघत बसले.

आजोबांनी सवयीनं एका गाठीवर कोपर टेकवलं. त्यांची बोटं पुढच्या गाठीच्या बरीच पलीकडे गेली.

जुनी दोरी आजोबांनी बांधलेली होती, ती शेळीनं चघळून टाकली. ही नवी अंजूची, तिच्याच हातानं मोजलेली. आजोबांनी तिच्याकडे पाहिलं, दोरी गुंडाळून मांडीखाली सारली आणि तिला बसायला खुणावलं.

बसली असती तर टेकडी वाचत होती. पण काकांचं एवढंसं झालेलं तोंड तिला बघवेना.

"आजोबा, गाठी माह्या हाताच्या हायेत. तुमच्या हातानं मोजलं तं पाचच भरते. पानी वाढलंच नाही."

कुजबुज सुरू झाली. काकांच्या बायकोनं, गंगीकाकूनं, शाळा शिकून हेच का, असा टोमणा मारलाच. काकांनी मात्र दोरी मागून घेतली आणि स्वतः मोजली. मग त्यांनी विचारलं, बंदी घातली त्या साली पाऊस कसा होता? सगळ्यांना आठवत होतं, श्रावणभर झिमझिम. यंदा मात्र चार दिवसांत सगळा कोसळला आणि मग महिनाभर आभाळ कोरडं.

"असा पाऊस पडला का आपली हिर दिवाळीलेच आटे," काका सावकाश म्हणाले. "यंदा अजून पाच हात हाये. काहून हाये, ते मले समजून राह्यलं."

"मंग बंदी ठेवाची?" आजोबांनी विचारलं.

"ठेवा. पन माह्या अकरा शेळ्या काय हवा खातीन? गवत कापून आनून द्या. या पोरीलेच सांगा, लय खरं बोलते."

लोक हसले. अंजूनं हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी शाळेआधी ती विळा घेऊन टेकडी चढली. गंगीकाकू आधीच वर होती. अंजू घाईघाईनं गवत मुळासकट ओढत होती, तर काकूनं तिचं मनगट धरलं.

"उपटू नको वं. बुडखा राहू दे, पावसात परत फुटते."

दोघी खाली वाकल्या.