मातीच्या डोंगराचा धडा

भागवत गर्जेंचा पाय मोडला तो माझ्या शिकवण्यामुळे. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर कितीतरी लोकांनी मला समजावलं की तुमचा काय दोष, तुम्ही तर पाणी शिकवायला आला होता. समजावणाऱ्यांचा मला आता राग येतो.

मी पाणलोटाची प्रशिक्षक. राहुरीला विद्यापीठात माती आणि पाणी शिकले, आणि गेली नऊ वर्षं एका संस्थेतर्फे गावोगाव सांगत फिरते की पाऊस कुठून वाहतो, कुठं मुरतो आणि तुमच्या विहिरीत कसा येतो. गेल्या एप्रिलमध्ये वाघदऱ्याला गेले. तिसगावच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीतलं गाव. तिथली पिण्याच्या पाण्याची विहीर जानेवारीतच आटली होती, आणि अशी ती आजवर कधी आटली नव्हती. ऊसतोडीहून परतलेली माणसं टँकर आला की हंड्यांसाठी एकमेकांच्या उरावर बसत होती.

मी झुंबरबाई बटुळेंच्या घरी उतरले. त्यांचा मुलगा सहादेव तिशीचा, माझा सगळ्यात हुशार विद्यार्थी. डोंगरावर समपातळी रेषा कशी आखायची हे दोनदा दाखवलं, की तिसऱ्यांदा तोच माझी चूक काढायचा. मावशी माझ्यासाठी दुधावरची साय बाजूला ठेवायच्या. त्या घराचा मला लळा लागला होता आणि तो लपवायचीही मला गरज वाटत नव्हती.

चौथ्या दिवशी शाळेच्या पटांगणात मी कमरेएवढा मातीचा डोंगर रचला. त्यात दरा कोरला, पायथ्याला वाटी पुरली. ती गावची विहीर. माथ्यावर नीळ घातलेलं पाणी ओतलं. निळा ओघळ दऱ्यातून उतरला, मुरला, आणि थोड्या वेळानं वाटीत निळं पाणी आलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

मागून कुणीतरी विचारलं, "म्याडम, वर कुनी भोक पाडलं तर?"

मला टाळ्या चढल्या होत्या. मी काठी उचलली आणि माथ्याजवळ खचकन भोक पाडलं. वाटी रिकामी करून पुसली, पुन्हा निळं पाणी ओतलं. पाणी भोकात गडप झालं. वाटी कोरडीच राहिली. या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत.

भागवतरावांनी डिसेंबरात दऱ्याच्या माथ्यावर, स्वतःच्या शेतात बोअर घेतला होता. ते मला माहीत होतं. डोंगर नुसत्या मातीचा नसतो, त्याच्या पोटात खडक असतो, खडकाला चिरा असतात, काळ्या पाषाणाच्या उभ्या भिंती असतात, आणि जमिनीखालचं पाणी दर वेळी वरच्या उताराला जुमानत नाही, हेही मला माहीत होतं. ते मी उद्याच्या धड्यासाठी ठेवलं होतं. अर्ध्या हळकुंडानं मी पिवळी झाले आणि गावालाही पिवळं केलं.

लोक उठले. श्रमदानासाठी आणलेले टिकाव, फावडी, पहारी त्यांच्या हातातच होत्या. मला वाटलं, कामाला निघालेत. "टोप्या घाला रे, ऊन फार आहे," असं मी मागून ओरडले. ते आठवलं की आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

ते दऱ्याच्या वाटेला न लागता माथ्याकडे वळले तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी धावत सुटले. धापा टाकत वर पोचले तोवर स्टार्टरची पेटी फुटली होती आणि केबल तुटून पडली होती. भागवतराव पन्नाशीचे, शिडशिडीत गृहस्थ. ते बोअरच्या पाइपाला मिठी मारून ओरडत होते, "माजं पानी हाय! माज्या रानातलं हाय!" कुणीतरी त्यांच्या तोंडावर फावड्याचा दांडा मारला. दात आणि रक्त एकदमच बाहेर पडलं. दोघांनी पाठीत लाथा घातल्या. त्यांचे हात सुटले, ते दगडांवर पालथे पडले, आणि तसेच सरपटत पुन्हा पाइपाकडे निघाले.

मग सहादेव पुढं आला. चेहऱ्यावर राग नव्हता. रेषा आखताना असायचा तसा शांत, नेमका दिसत होता. त्यानं पहार दोन्ही हातांनी उचलली आणि भागवतरावांच्या डाव्या नडगीवर घातली. तुराटी मोडावी तसा आवाज झाला. धोतरातून हाड पांढरं बाहेर आलं. भागवतरावांचं तोंड मातीत होतं, कोण मारतंय ते त्यांना दिसलंही नाही. सहादेवनं पहार पुन्हा उचलली आणि दुसरा घाव घातला.

मी दहा पावलांवर उभी होते.

भागवतरावांची बायको चांगुणा खालच्या रानातून धावत आली. पदर फाडून तिनं हाड बांधायचा प्रयत्न केला, पण तिचे हात त्या रक्तावरून घसरत राहिले. मग ती ओरडली. त्या ओरडण्यासरशी चाळीस माणसं चाळीस दिशांना पांगली. त्यांना दवाखान्यात न्यायला जीप मी आणली, पण तेवढं करून माझी सुटका होणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी हवालदार जबाब घ्यायला झुंबरबाईंच्या ओट्यावर आले. "म्याडम, तुमी तितंच हुता. पाय कुनी मोडला?"

सहादेव दारात चहाचे कप घेऊन उभा होता.

"गर्दी होती," मी म्हणाले. "दिसलं नाही."

भीती होती, लळा होता, पाणलोटाचं काम बंद पडेल हीही काळजी होती. कारणं मोजायला बसले तर खूप सापडतात. मी खोटं बोलले. त्या रात्री मावशींनी ताटात साय वाढली आणि मी ती खाल्ली.

मारहाणीनंतर चौथ्या दिवशी चांगुणा नगरच्या दवाखान्यातून थेट माझ्याकडे आली. अंगावर तेच लुगडं होतं. "दोन जागी मोडलाय. सळई घातली. डाक्टर म्हनतो पाय आता सरळ व्हनार न्हाई," ती म्हणाली. "वरून गाव चोर म्हनतंय. तुमी मातीच्या ढिगात भोक पाडून चोर दावला. आता खरा डोंगर घ्या आन् पानी कुटं जातं ते दावा."

तिला नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. राहुरीहून मी रंगाची भुकटी आणली. पोटात गेली तरी अपाय न करणारी, पण चिमूटभर पडली तर पिंपभर पाणी हिरवंगार होतं. दऱ्याच्या वरच्या तळ्यात उरलेल्या पाण्यात ती सगळ्या गावासमोर कालवली. विहिरीला पाणी मिळायचं ते याच तळ्यातून मुरून. रंग भागवतरावांच्या बोअरात निघाला तर ते चोर. चांगुणानं नवी केबल ओढून मोटर सुरू ठेवली आणि मी दर दोन तासांनी बाटली भरून उन्हात धरत राहिले. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. पाणी काचेसारखं स्वच्छ. माथ्याजवळ काळ्या पाषाणाची भिंत आडवी होती. बोअर तिच्या पलीकडे, तळं अलीकडे. भागवतरावांनी गावचा एक थेंबही घेतला नव्हता.

सहाव्या दिवशी सकाळी झुंबरबाईंनी मला हाक मारली. "पोरी, हे काय गं?"

त्यांच्या मळ्यात मोटर चालू होती आणि कांद्याच्या वाफ्यात हिरवं पाणी शिरत होतं. मी त्या मळ्यातल्या विहिरीत वाकून पाहिलं. सहादेवनं डिसेंबरअखेर विहिरीच्या भिंतीतून चार आडवे बोअर मारले होते. या भागात सगळेच मारतात, त्यात कुणाला चोरी वाटत नाही. त्यातला एक रस्त्याखालून गावच्या विहिरीच्या अंगाला गेला होता, सच्छिद्र खडकाच्या त्याच थरात, जिथून गावाला पाणी मिळायचं. त्या एका भोकातून हिरवी धार पडत होती.

सहादेव माझ्या शेजारी येऊन वाकला. हुशार होता, समजायला त्याला एक श्वास पुरला. त्याचा चेहरा पडला तो पाहून मला त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचा संताप आला.

मावशींनी माझे पाय धरले. "मोटर बंद करते. वाफं बुजवते. कुनाला सांगू नगं गं, मारत्याल त्येला."

पण धार रस्त्यापर्यंत गेलेली होती आणि बाटल्या घेऊन माणसं येत होती, पुढं चांगुणा. मी सांगितलं. "पाणी इथं येतंय. भागवतरावांच्या बोअरात रंगाचा थेंब नाही." पहार कुणी चालवली ते मात्र तेव्हाही माझ्या तोंडून निघालं नाही.

तेच चेहरे, तीच फावडी. दहा-बारा दिवसांपूर्वी ज्यानं भागवतरावांचे दात पाडले त्यानंच सहादेवची गचांडी धरून डोकं विहिरीच्या कठड्यावर आपटलं. एकदा, दोनदा. कपाळ फुटलं, डोळा रक्तानं भरला. तो खाली पडला, वर लाथा पडायला लागल्या. त्यानं हातही आडवे घातले नाहीत. चांगुणानं कुणाच्या तरी हातातून पहार हिसकावली. लोक बाजूला झाले, जणू तिचा मानच होता तो. तिनं पहार त्याच्या पायावर नेम धरून उचलली.

या वेळी मी मधे पडले. शौर्य वगैरे काही नव्हतं. तो आवाज पुन्हा ऐकायची माझी ताकद नव्हती, एवढंच. पहार माझ्या उजव्या मनगटावर आली. हात मनगटापासून लोंबायला लागला आणि मी जनावरासारखी ओरडले. गर्दी जागच्या जागी थिजली. गावातल्या माणसाला मारणं वेगळं आणि बाहेरून आलेल्या बाईला मारणं वेगळं, एवढी अक्कल त्या गर्दीलाही होती.

तिसगावच्या चौकीत तेच हवालदार होते. माझा हात टॉवेलात बांधलेला, चांगुणा माझ्या बाजूला उभी. बाहेर पायरीवर सहादेव डोक्याला फडकं बांधून बसला होता आणि झुंबरबाई त्याला पाणी पाजत होत्या.

"म्याडम, हात कुनी मोडला?"

गर्दी होती, दिसलं नाही. शब्द जिभेवर तयारच होते. मला वाटलं, हिचं आधीच काय कमी झालंय, हिला तरी वाचवावं.

"म्या मोडला," चांगुणा म्हणाली. "लिवा. चांगुणा भागवत गर्जे."

हवालदारांनी पेन थांबवलं. "बाई, गुन्हा दाखल व्हईल. नवरा तिकडं पडलाय, तू आत गेलीस तर त्येला कोन बघनार?"

"म्या मारलं ते मारलं. दुसऱ्याचं नाव कशाला सांगू?"

ती माझ्याकडे बघत नव्हती. बघितलं असतं तर बरं झालं असतं. तिला वाचवायला निघालेली मी, आणि माझ्या खोट्याची तिला गरजच नव्हती. ती सरळ होती आणि मी इतके दिवस वाकडी, हे त्या खोलीत हवालदार सोडून दोघींनाही कळत होतं.

त्यांनी तिचं नाव लिहून घेतलं आणि माझ्याकडे वळले. "आन् हिच्या नवऱ्याचा पाय?"

"सहादेव रंगनाथ बटुळे," मी म्हणाले. "पहारीनं. दोन घाव. मी दहा पावलांवर होते आणि मी पाहिलं." बाहेर पायरीवर झुंबरबाईंना ऐकू जाईल, एवढ्या मोठ्यानं म्हणाले.