कोरडं व्रत

आसुन्सियोन शहराच्या बाजारात निमियाचा औषधी पाल्याचा गाळा होता. सकाळी सहाला तिचा खलबत्ता वाजू लागे. गिऱ्हाइकानं थंड पाण्याचा थर्मास पुढं करून दुखणं सांगावं आणि निमियानं पुदिना, गवती चहा नि आणखी दोन पानं ठेचून त्यात टाकावीत. “दिवसभर घोट घोट घ्या हं,” असं ती प्रत्येकीला प्रेमानं सांगे.

गेले तीन दिवस मात्र लघवीची जळजळ तिलाच सोसवत नव्हती.

शेजारी म्हातारी देसिदेरिया कसावाचे कंद विकी; सगळे तिला मानानं ‘न्या देसी’ म्हणत. तिच्या नजरेतून काय सुटणार?

“सकाळपासून चौथ्यांदा गेलीस. परत येतेस ती रडवेली होऊन.”

“ऊन बाधलंय, न्या देसी.”

“ऊन बेंबीच्या खाली बाधत नाही.”

म्हातारीनं तिला हाताला धरून दवाखान्यात नेलं. नर्सनं लघवी तपासली, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. “बरं वाटलं तरी गोळ्या सोडायच्या नाहीत. पाणी भरपूर प्यायचं, लघवी तुंबवायची नाही, धुताना हात पुढून मागे न्यायचा. ताप आला, पाठीत दुखलं, तर लगेच यायचं. हा जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला तर काकुपेची वाट नाही, खाट धरावी लागेल.”

निमियानं मनात दिवस मोजले. आठ डिसेंबरला काकुपेच्या मारियामाउलीचा सण. एकोणीस वर्षांत तिची पायी वाट एकदाही चुकली नव्हती. त्यात सणाआधीच्या नऊ दिवसांचं तिचं व्रत, दुपारची घंटा होईतो पाण्याचा थेंब नाही. आज त्याचा दुसराच दिवस होता. प्यावं तर व्रत मोडतं, न प्यावं तर वाट हुकते.

गाळ्यावर परतल्यावर देसिदेरियानं विचारलं, “हे व्रत घेतलंस कधी?”

“पाच वर्षं झाली.”

“म्हणजे संडास पार पलीकडच्या फाटकाशी हलवला तेव्हा.”

“हो,” निमिया पुटपुटली. गाळा सोडून जाता येत नाही म्हणून तिनं पाणीच तोडलं होतं, तेही बारा महिने. त्यातल्या नऊ दिवसांना माउलीचं नाव तेवढं दिलं होतं.

“दुसऱ्यांना घोट घोट, नि आपण कोरडे पाषाण,” म्हातारी म्हणाली. “अगं, जिच्या दारात झरा आहे, लोक बाटल्या भरभरून नेतात, ती आई तुला तहानलेली ठेवील?”

निमियाला हसू आलं. तिनं जपमाळ काढली, डोळे मिटले. ‘आई, व्रत मोडत नाही, बदलते. सकाळभरात दहा मण्यांमागे एक पेला.’ माळेत दहा-दहाचे पाच फेरे. पाच पेले झाले.

“आणि मी फाटकाशी गेले की गाळा?”

“मी बघते की. पोटदुखीचं औषध मागितलं कुणी, तर कसावा देईन.”

दोन दिवसांत त्या ओळीतल्या सगळ्याच बायका एकमेकींचे गाळे सांभाळू लागल्या. तिसऱ्या दिवशी निमियाची जळजळ थांबली, तरी गोळ्या तिनं शेवटपर्यंत घेतल्या.

सात तारखेला ती चालत निघाली, पाण्याची बाटली जपमाळेच्या शेजारी बांधून. दुसऱ्या दिवशी सकाळी काकुपेला पोचल्यावर ती दोन रांगांत उभी राहिली, आधी शौचालयाच्या, मग झऱ्याच्या. झऱ्यापाशी ओंजळ भरली तेव्हा दुपार व्हायला बराच अवकाश होता. ती पोटभर प्याली.