लाल फडक्यातलं पुस्तक

"आज मनात नको वाचू गं. मोठ्यानं वाच. मलाबी ऐकू दे."

आप्पांचे शब्द कानावर पडले आणि पोथीच्या लाल फडक्याची गाठ सोडणारी तेजस्वीची बोटं जागच्या जागी थांबली.

आप्पा म्हणजे तिचे सासरे, भावकू. जांबोटीकडचं शेत धाकट्या भावावर सोपवून ते लेकाकडे शहरात, खासबागेत राहायला आले होते. चाळीस वर्षं कीर्तनात बुवांच्या मागं उभं राहून त्यांनी टाळ धरला होता. परवाच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा आधीच धुरकट.

फडक्यात पोथी होती, खोटं नव्हे. पण पोथीखाली आणखी एक पुस्तक होतं. कंपनीचा ताळेबंद कसा वाचावा, गुंतवणूक कशी पारखावी, हे शिकवणारं.

पहाटे पाचला पाणी भरायचं, मग डबे, मग शाळेच्या ऑफिसातली कारकुनी, संध्याकाळी भाकऱ्या. मधेच ती पुस्तक घेऊन टेकली, की सासूबाईंना, शालूबाईंना, मेथी निवडायची आठवण व्हायची आणि नवऱ्याला, युवराजला, चहाची. "रिकामीच हाईस न्हवं?" असं दोघंही विचारत. त्यात वाईट हेतू कुणाचाच नसे. पण दिवेलागणीला पोथी घेऊन बसलेल्या माणसाला या घरात कुणी हाक मारत नसे. अध्याय सुरू झाला की संपेपर्यंत उठायचं नाही, उठवायचं नाही, हा आप्पांचा नियम. चार महिन्यांपूर्वी तेजस्वीला त्या नियमात रोजचा अर्धा तास सापडला. ती आधी पोथीवर डोकं टेकवायची, मनोमन माफी मागायची, पहिल्या पानावरच्या चार ओव्या वाचायची, आणि मग खालचं पुस्तक वर घ्यायची.

आईनं मरताना तिच्या नावावर ठेवलेली ठेव येत्या शनिवारी सुटणार होती. युवराजला ती आपल्या मित्राच्या, नागेंद्रच्या, प्लॉटच्या स्कीममध्ये घालायची होती.

"समदी घालायल्यात," तो म्हणाला होता. "तुला काय कळतंय त्यातलं?"

"कळत न्हाय म्हणूनच शिकू दे की. शनिवारी सांगीन."

पुस्तकातलं शेवटचं प्रकरण तेवढं उरलं होतं : सही करण्याआधी करार कसा वाचावा. नागेंद्रच्या कराराची झेरॉक्स तिनं तिथंच घडी करून ठेवली होती. आणि आज मंगळवार.

तिनं पोथी उघडली. मोठ्यानं वाचू लागली. आप्पा गुडघ्यावर टाळ टेकवून, मान हलवत ऐकत राहिले. बुधवारी तेच, गुरुवारीही तेच. शालूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसू लागल्या. "तुझा आवाज किती गोड हाय गं," म्हणाल्या. ओव्या हळूहळू गळ्यात बसायला लागल्या, बरं वाटायला लागलं. त्या बरं वाटण्याचीच तिला भीती वाटली. असेच दिवस गोड जातील आणि शनिवारी पेन हातात येईल.

शुक्रवारी ती पाटावर बसली, तेव्हा शालूबाई आत भाकऱ्या थापत होत्या. बुवा आख्यानाकडे वळताना टाळ हळू होतात, तसा आप्पांचा आवाज खाली आला.

"तेजू, चार महिने हीच पोथी वाचायलीस न्हवं?"

"व्हय, आप्पा."

"मग दुसऱ्या अध्यायाला एवढी अडखळतीस कशी गं? मला दोन महिन्यांत पाठ झालती."

तिनं पोथीची पानं उगाच सारखी केली.

"आणि पोथीची पानं सुट्टी. दोन्ही हातांनी उचलायची, पालथी घालायची. आवाज येत न्हाय त्याचा. तुझ्या हातातलं फर्र करून उलटायचं. डोळे धुरकटल्यापास्नं लई ऐकू यायलंय मला."

तेजस्वीनं फडक्याचं टोक मुठीत धरलं. "उद्या सही करायची हाय, आप्पा. कशावर करायची, ते तरी समजून घ्यायचं होतं."

"मंगळवारी बघावं म्हणून वाचायला लावलं. मग पोथीचा लोभ सुटंना. तीन दिस खाल्ले मी तुझे." त्यांनी चाचपत पोथी उचलली, कपाळाला लावली आणि बाजूच्या चौरंगावर ठेवली. "देवाला काय आजच कळलंय व्हय हे? वाच. मनात वाच. मी म्हणतो."

त्यांनी टाळ उचलले आणि जुनी चाल धरली. थकलेला, पण सुरातला आवाज घरभर पसरला. आतून शालूबाईही गुणगुणू लागल्या.

तेजस्वीनं दाराकडे पाठ केली आणि एका मांडीवर पुस्तक, दुसरीवर करार ठेवला. जमीन बिगरशेती झाल्यावर ताबा, असं करारात होतं. कधी होणार, ते नव्हतं. न झाली तर पैशाचं काय, तेही नव्हतं. तिनं पेन्सिलीनं दोन खुणा केल्या.

दारात मोटरसायकल थांबली. युवराज आत आला, त्याच्या मागून नागेंद्र, काखेत फाईल.

"उद्या बँकेत गर्दी असतीया. म्हटलं सही आजच घेऊन टाकावी," नागेंद्र म्हणाला.

"तेजस्वी, जरा..."

"अध्याय चाललाय," टाळ न थांबवता आप्पा म्हणाले.

युवराज चपापला. "किती वेळ लागंल, आप्पा?"

"मोठा हाय अध्याय."

नागेंद्रनं चप्पल बाहेर काढली, लांबूनच हात जोडले आणि खुर्चीवर बसला. शालूबाईंनी चहा दिला. तो पिऊन झाला, तरी त्याच्या हातातलं पेन उघडंच होतं. युवराज भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभा राहिला. आप्पांचा आवाज आता बसत चालला होता, पण ते त्याच ओव्या पुन्हा पुन्हा घोळवत होते.

पुस्तकाची आणखी अकरा पानं उरली होती. त्यानंतर फडक्याला गाठ मारायला लागणार होती, उठायला लागणार होतं.

तेजस्वीनं वर पाहिलं नाही. पुढचं पान तिनं पोथीच्या पानासारखं दोन्ही हातांनी उचललं आणि आवाज न करता पालथं घातलं.