दोनदा लिहिलेला भैयालाल

मी एक जुना मोबाईल आहे, आणि मित्रांनो, स्वतःची कहाणी सांगण्याआधी मला प्रफुलची तक्रार करायची आहे. पोरगा इंजिनिअर झाला, पण माझ्या पडद्यावर काय आले ते वाचत नाही. अर्धे वाक्य उमटते न उमटते तोच त्याचा अंगठा पुढे. माझी काच तडकली ती खाली पडून, पण झिजली ती त्याच्या घाईने.

आता माझे ऐका. माझा जन्म कुठे झाला ते मला ठाऊक नाही. माझी आठवण सुरू होते ती प्रेमानंदच्या खिशात. ते प्रफुलचे वडील, भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरीला. त्यांच्यासोबत मी तिन्ही पाळ्या केल्या. तिथली लाल धूळ अजून माझ्या स्पीकरच्या जाळीत आहे. सेक्टर 10 च्या क्वार्टरमध्ये तेव्हा माझा मोठा मान होता. पाहुणा आला की मला मुद्दाम टेबलावर ठेवत. मग नवा फोन आला, आणि मी कपाटाच्या खणात, संपलेले सेल आणि कुलपे हरवलेल्या किल्ल्या यांच्या शेजारी जाऊन पडलो.

तिथून मला काढले सिंधुताईंनी, म्हणजे प्रफुलच्या आजीने. "चालते ना? मंग फेकता कावून?" एवढेच बोलल्या, आणि रबरबँड लावून मला आपलेसे केले. शाळेत त्या दुसरीपर्यंत गेल्या. वाचतात, पण एकेका अक्षरावर बोट ठेवून. फोन आला की "जय भीम, बोला," म्हणतात, आणि त्यानंतर समोरच्याने फारसे बोलायचे नसते.

प्रफुलच्या काकांचे घर बोरसीला. त्यांची धाकटी हर्षा अकरा वर्षांची, तिला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. दुखणे उलटले की कधीकधी रक्त चढवावे लागते, आणि तिचा गट ओ निगेटिव्ह, सहज न मिळणारा. म्हणून प्रफुलने आणि हर्षाची मोठी बहीण पायलने मिळून एक प्रोग्राम लिहिला. त्यात रक्तदात्यांची यादी आहे. एका ओळीत एक माणूस: नाव, गट, गाव, नंबर, आणि शेवटचे रक्त कधी दिले ती तारीख. ज्याचा गट जुळतो, ज्याला रक्त देऊन तीन महिने उलटले आणि जो सगळ्यांत जवळ राहतो, त्याला प्रोग्राम आपणहून निरोप धाडतो. निरोप जातो माझ्यावरून, कारण सिंधुताईंच्या नंबराला नाही म्हणायची कोणाची छाती नाही.

यादीत एकेचाळीस नावे आहेत. मित्रांनो, मी जन्मभर फुलांची चित्रे आणि 'सुप्रभात' वाहिले. दुसऱ्याच्या लेकरासाठी एकेचाळीस माणसे दंड पुढे करून बसलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

यादीची एक प्रत प्रफुलकडे, एक पायलकडे. दोघे आपापल्या प्रतीत बदल करत आणि मग त्या एकमेकींत मिसळत. प्रफुलचा लॅपटॉप दुरुस्तीला गेला तेव्हापासून हे काम माझ्याच काळ्या टर्मिनलवर, म्हणजे संगणकाला आज्ञा लिहायच्या पाटीवर, होऊ लागले. माझा अर्धा पडदा कीबोर्डच खातो, उरलेल्या अर्ध्यात सगळा कारभार.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी पायलचा फोन आला. हर्षाचे रक्त फार कमी झाले होते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चढवायलाच हवे होते. प्रफुलने आधी पायलची नवी प्रत माझ्यात ओढली, आणि काम अडले. एकाच ओळीला दोघांनी हात लावला होता.

अशा वेळी पडद्यावर काय दिसते सांगतो. वर '<' असे सात कोपरे, डावीकडे टोक केलेले. त्यांच्याखाली प्रफुलची ओळ. मधे बरोबरच्या चिन्हासारख्या सात जोडरेघा. त्याखाली पायलची ओळ, आणि शेवटी सात कोपरे उजवीकडे टोक केलेले. प्रती मिसळणारे यंत्र हजारो ओळी डोळ्याचे पाते लवते न लवते तोच जुळवते, पण दोन माणसांत खरे कोण हे ते ठरवत नाही. कोणाचाही शब्द पुसत नाही. दोघांना शेजारी बसवते आणि हात बांधून उभे राहते. एवढे शहाणपण माझ्या एवढ्याशा पोटात राहते, याचे मला आजही नवल वाटते.

प्रफुलचा अंगठा खालची ओळ पुसायला निघाला. सिंधुताई शेजारीच तांदूळ निवडत होत्या.

"थांब. हा भैयालाल दोनदा कावून लिहिला?"

"कुछ नहीं, आजी. माझी ओळ ठेवतो, पायलची उडवतो. नेहमी तसंच करतो मी."

"तुयी ओळ सोन्याची आहे का?"

"अगं, भैयालाल काकांनी सिम बदललं. चौकात मले सोताच सांगितलं. नवा नंबर टाकलाय मी."

"अन् पायलनं काय टाकलं?"

"पुराना नंबर ही होगा."

"पाह्यलं तू?"

सिंधुताईंनी मला त्याच्या हातातून घेतले. तांदळाच्या कोंड्याने भरलेले बोट माझ्या काचेवर सरकू लागले. भै. या. ला. ल. बोट वरच्या ओळीच्या टोकाशी गेले: दोन मे. मग खालच्या ओळीच्या टोकाशी: चोवीस ऑक्टोबर. तिथे ते थांबले.

"बरोबर लिहिलं पोरीनं. त्या दिवशी तो इथं आला होता, दंडाले कापूस चिकटवून. दुर्गच्या एका बाळंतिणीले रक्त देऊन सायकल हाणत आला. मी दोन अंडे उकडून देल्ले अन् दहा शिव्या."

प्रफुलने वाकून दोन्ही तारखा वाचल्या. त्याचीच ओळ राहिली असती तर निरोप भैयालालला गेला असता. भैयालाल नाही म्हणणारा माणूस नव्हे. अठराव्या दिवशी पुन्हा दंड घेऊन हजर झाला असता. रक्तपेढीने त्याला परत पाठवले असते. आणि ओ निगेटिव्हचा दुसरा दाता एकच, देवानंद, तो दूर दल्ली राजहऱ्याच्या खाणीत. तोवर त्याची सकाळची गाडी निघून गेली असती.

"मंग आता कोणाची ठेवू, आजी?"

"कोणाची काय? वरचा नंबर घे, खालची तारीख घे. दोघंबी खरंच बोलून राहिले, पण अर्धं अर्धं."

दोन ओळींची एक ओळ झाली. कोपरे गेले, रेघा गेल्या. प्रोग्राम चालला, त्याने भैयालालला ओलांडले आणि थेट देवानंदला गाठले. चार मिनिटांत उत्तर आले: "जय भीम आजी. पहाटेच्या गाडीने निघतो." माझ्या बॅटरीत तेव्हा सहा टक्के उरले होते. ते सहा टक्के मी आयुष्यात सर्वांत जपून वापरले.

दुसऱ्या दिवशी दुपारी हर्षाचा आवाज माझ्यातून आला, बारीक पण स्वच्छ. "आजी, झालं. देवानंद काका म्हणते, अंडे मलेबी पाहिजे."

मित्रांनो, मला पुसून चकचकीत ठेवा असे मी म्हणत नाही. माझे मागणे लहान आहे. माझ्या पडद्यावर दुसऱ्याची ओळ आली तर ती पुसण्याआधी टोकापर्यंत वाचा. तिच्या टोकाशी कोणाचा तरी दंड असतो, कोणाचे तरी लेकरू असते.

सिंधुताईंनी मला खाली ठेवले. प्रफुल दारात उभा होता. चष्मा काढून त्या त्याला म्हणाल्या, "तुले भरभर वाचता येते, म्हणून तू वाचत नाहीस. मले येत नाही, म्हणून मी वाचतो. आजपासून पायलची ओळ पयले, मोठ्यानं, माह्या समोर बसून. मंग तुयी."