हलका हात

ग्वीसुनला आधी वाटलं, ही पोरगी आपल्याला शिवायलाच कचरतेय.

बुसानच्या बंदराजवळच्या हमामखान्यात ग्वीसुनने उभी हयात बायकांची अंगं घासली होती. तिने हिरवा खरबरीत हातमोजा चढवून पाठीवर हात चालवला की मळाच्या वळ्या निघायच्या आणि बाई लालबुंद, तृप्त होऊन घरी जायची. दुखल्याशिवाय काही निघत नाही, हा तिचा कायदा. मग छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी काढल्या, आणि काही महिन्यांनी उजवा हात सुजून दुधीभोपळ्याएवढा झाला. हमामखान्यातल्या कपाटाची किल्ली ओवलेलं रबरी कडं मनगटात जाईना. सूज उतरली तरच मोजा पुन्हा चढणार होता, आणि मोज्याशिवाय आपण कोण, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

आणि दवाखान्यातली ही मालीश करणारी सोलआ सुजलेला हात सोडून मानेवर बोटं टेकवून बसलेली. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! बोटंसुद्धा कशी, माशी बसल्यासारखी.

"बाई, सुरू कधी करणार?"

"सुरूच आहे, मावशी. आधी मानेची वाट मोकळी करते, मग हातातलं पाणी तिकडे सरकेल. ते कातडीच्या लगेच खाली असतं. जोर लावला तर बिघडतं."

जोराने बिघडतं म्हणे. ग्वीसुन मनात हसली. पण हसता हसता तिचा डोळा लागला, आणि जागी झाल्यावर तिला त्याचाच राग आला. झोपवून पाठवतात, याला का उपचार म्हणायचं?

दवाखान्यातून ती तडक हमामखान्यात गेली. तिच्या जोडीने काम करणारी माल्जा म्हणाली, दवाखान्यातल्या नाजूक बोटांना काय कळतंय, बस इथे. कढत पाण्यात भिजवून माल्जाने तो हात असा घासला की बोलायची सोय नाही. ग्वीसुनला बरं वाटलं. निदान काहीतरी होत होतं.

सकाळी हात लाल, तापलेला, आणि अंगात सणसणून ताप. सोलआने हात नुसता पाहिला, त्याला शिवली नाही. आज मालीश चालणार नाही म्हणाली आणि डॉक्टरकडे धाडलं. रागावली नाही. ग्वीसुन आणखीच गोंधळली. शिव्या दिल्या असत्या तर त्या कुठे ठेवायच्या हे तिला माहीत होतं.

औषधांनी ताप गेला. मग पुन्हा ती माशीसारखी बोटं, वर घट्ट पट्ट्या, आणि काहीच होत नसताना हात उतरत गेला. एक दिवस रबरी कडं मनगटात अलगद सरकलं. ती आनंदाने डॉक्टरांकडे धावली. ते म्हणाले, कडं घाला खुशाल, मोजा मात्र कायमचा ठेवून द्या. ते काम केलंत तर सूज परत येईल. हात मिळाला आणि हाताचं काम गेलं. हसावं की रडावं, तिला कळेना.

सुगीच्या सणाला मुलगी, बोरा, सेऊलहून आली. सणाआधी मायलेकींनी एकमेकींची पाठ घासायची, हे लहानपणापासूनचं. बोरा पाठ करून बुटक्या स्टुलावर बसली. खांदे कानापर्यंत चढलेले, अंग आखडलेलं, दात आवळलेले. ही अशी बसते, हे ग्वीसुनने इतक्या वर्षांत पाहिलंच नव्हतं. मोज्याला पाठी दिसायच्या, माणसं कुठे दिसायची.

मोजा बाजूला पडला होता. तिने उघडा तळवा लेकीच्या पाठीवर नुसता टेकवला आणि सोलआ करायची तशी कातडी हळूच सरकवू लागली. बरोबर करतेय की चूक, तिला ठाऊक नव्हतं.

"आई, सुरू कर ना."

"सुरूच आहे."

बोराचे खांदे हळूहळू खाली आले, आणि मग ती रडायला लागली.

"दुखतंय का गं?" ग्वीसुनने घाबरून विचारलं.

"नाही," बोरा म्हणाली. "हात काढू नकोस."