घासणीचा दिवस

कात्सुमातांच्या कपाटात एकही गोष्ट पूर्ण नव्हती. एक लढाऊ विमान होतं, त्याला पंख होते पण चाकं नव्हती. एक किल्ला होता, त्याची छपरं शेजारच्या खोक्यात पडून होती. एक मोटारसायकल, एक वाफेचं इंजिन, एक रणगाडा, आणि सगळ्यात खालच्या फळीवर टूना पकडायला दूरच्या समुद्रात जाणारं एक जहाज. सगळं प्लास्टिकचं, सगळं हातभर लांबीच्या आतलं. शिझुओका शहरात अशी सुटे भाग जोडायची किटं बनवणारे कारखाने पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले, तेव्हा असं अर्धंमुर्धं कपाट घरोघरी. त्यासाठी कात्सुमातांना बाहेरचं कुणी नावं ठेवत नसे. ते काम त्यांची बायको फुमिए एकटी समर्थपणे सांभाळी.

"बाळंतिणींचा वॉर्ड आहे हा," ती पाहुण्यांना सांगायची. "सगळ्यांचे दिवस भरलेत, मोकळी कुणीच होत नाही."

कात्सुमाता त्यावर हसत. एका वेळी एकच किट घेऊन बसणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. एकाचा गोंद सुकेपर्यंत दुसरं हातात, दुसऱ्याचा रंग वाळेपर्यंत तिसरं. नगरपालिकेतली नोकरी संपल्यावर त्यांनी या पसाऱ्याला शिस्त लावली. एक दिवस सगळ्यांची कापणी, एक दिवस सगळ्यांची जोडणी, एक दिवस सगळ्यांना अस्तराचा हात. त्यांच्या आवडीचा दिवस घासणीचा. खिडकीशी टेबल ओढायचं, वाटीत पाणी घ्यायचं, पॉलिश पेपरचे तुकडे भिजत टाकायचे, रेडिओ हळू लावायचा. मग फळीवरून एकेक नग उचलायचा, डोळे मिटून सांध्यावर बोट फिरवायचं आणि बोटाला जे लागेल ते घासून टाकायचं. कुठला नग हातात आहे हे बघायचीही गरज पडत नसे. उंचवटा तो उंचवटा.

ऑक्टोबरात एका दुपारी याइझूहून इसोए-सानचा फोन आला. इसोए ही त्यांच्या मित्राची, कोनागाया तेत्सुजीची बायको. तेत्सुजी चाळिशीतच पोटाच्या दुखण्याने गेला होता.

"पुढच्या महिन्यात त्याचं तेहतिसावं वर्षश्राद्ध आहे," इसोए म्हणाली. "आता शेवटचंच. यानंतर त्याच्या नावाची वेगळी पाटी घरातल्या देव्हाऱ्यात राहणार नाही. पूर्वजांमध्ये जाईल तोही. तुम्ही याल ना?"

"येणार म्हणजे काय."

"आणि जहाज आणा. झालं नसलं तरी आणा."

"होईल ते. या वेळी नक्की होईल."

"सातव्या वर्षाच्या वेळी हेच म्हणाला होतात तुम्ही. तेराव्यालाही." ती हसली. "रागावले नाहीये हो मी. खरं सांगू, मला बरंच वाटायचं. वाटायचं, कुणाच्या तरी टेबलावर याचं काम अजून चालू आहे."

जहाजाचं किट तेत्सुजीचं होतं. तो गेल्यावर एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला कात्सुमातांनीच ते मागून घेतलं होतं. पूर्ण करून आणून देतो म्हणाले होते. रडणाऱ्या बाईपुढे दुसरं काय बोलायचं ते त्यांना कळलं नव्हतं.

"माझी नजर आता गेल्यात जमा आहे," इसोए पुढे म्हणाली. "रंगबिंग मला दिसायचा नाही. पण डाव्या अंगाला, खाली, त्याच्या अंगठ्याचा ठसा आहे ना, तो हाताला लागेल. मला तेवढाच हवाय."

"ठसा?"

"तुम्हाला ठाऊक असेलच. हॉस्पिटलात जायच्या सकाळी चिकटवत बसला होता. टॅक्सी खाली उभी, आणि याचं चाललंय आपलं. दोन्ही भाग मी धरले होते. याने बदाबदा गोंद लावला आणि घाईत अंगठा रुतला. मी म्हटलं, अरे, उमटला की. तर म्हणाला, राहू दे, परत आल्यावर घासतो. आलाच नाही. म्हणून राहिला. आहे ना तो?"

"आहे की," कात्सुमाता म्हणाले.

हे दोन शब्द आपण का बोललो याचा नंतर त्यांनी पुष्कळ विचार केला. काही हाती लागलं नाही. माणूस दारावरची टकटक ऐकून 'आलो' म्हणतो, तसे ते तोंडातून गेले होते.

फोन ठेवून ते कपाटापाशी गेले आणि खाली बसले. जहाज उचललं, उलटं केलं, डाव्या अंगाला तळाशी बोट फिरवलं. अंड्याच्या कवचासारखं गुळगुळीत होतं. उजव्या अंगालाही फिरवलं. तिथेही तसंच. टेबलाचा दिवा लावून आडव्या उजेडात धरलं. सांधा कुठून कुठे गेला आहे तेसुद्धा कळत नव्हतं. या सांध्याचा त्यांना अभिमान होता.

कधी घासला असेल? त्यांना आठवेना. जोडणी तेत्सुजीची म्हणजे गबाळीच असणार. किटं जोडणाऱ्यांच्या क्लबात त्याला सगळे गोंद्या म्हणत. सांध्यातून गोंद ओघळलेला असणार, कुठे फट असणार. कधीतरी कुठल्यातरी घासणीच्या दिवशी, विमानानंतर आणि रणगाड्याच्या आधी, हे जहाज हातात आलं असेल. अंगठ्याच्या रेघा बोटाला लागल्या असतील. फटीत लांबी भरली, सुकू दिली, घासलं. रेडिओवर काहीतरी चालू असेल. मित्राच्या हाताची एकच खूण या जगात उरली होती आणि ती पाण्याच्या वाटीत करड्या गाळासारखी उतरली असेल. मग वाटी मोरीत ओतली असेल.

फुमिए चहा घेऊन आली तेव्हा ते तसेच बसले होते. त्यांनी तिला सांगितलं. तिने त्या दिवशी एकही टोमणा मारला नाही.

"सांगून टाका तिला," ती म्हणाली.

"काय सांगू?"

"घासला म्हणून. तो स्वतः असता तर त्यानेही घासलाच असता. तसं बोलूनच गेला होता ना तो?"

"ते खरं आहे. पण ते सांगितलं तर तिच्याजवळ काय राहील?"

"आणि नाही सांगितलं तर?"

कात्सुमातांनी चहाचा पेला दोन्ही हातांत धरला. चहा निवला तरी प्यायले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते तोत्सुकाच्या दुकानात गेले. तोत्सुका किटं, रंग आणि ब्रश विकायचा आणि गिऱ्हाइकांची मापं काढायचा.

"प्लास्टिकवर अंगठा उमटवायचा असेल तर कुठला गोंद चांगला?" त्यांनी विचारलं.

तोत्सुकाने चष्मा कपाळावर चढवला. "चाळीस वर्षं दुकान चालवतोय. उमटलेला अंगठा काढायचा कसा, हे विचारत रडत येतात लोक. तुम्ही पहिलेच, पाडायचा कसा विचारणारे."

"असंच. बघायचं होतं."

"जाड गोंद घ्या. लावा, थोडा मऊ पडू द्या, मग दाबा. न मागता होतं हो ते. आमच्या जावयाला विचारा, त्याच्या हातून दुसरं काही होतच नाही." गोंदाची बाटली देताना तो म्हणाला, "काही पूर्णबिर्ण करताय की काय, कात्सुमाता-सान? तब्येत बरी आहे ना?"

घरी येऊन त्यांनी आधी विमानाच्या पंखावर करून पाहिलं. गोंद लावला, थांबले, अंगठा दाबला. उचलला तर नुसता खळगा पडला होता. रेघा नव्हत्याच. त्यांनी दिव्याखाली स्वतःचा अंगठा पाहिला. म्हातारपणाने आणि इतक्या वर्षांच्या पॉलिश पेपराने तो पार झिजला होता. आपण इतकी वर्षं स्वतःलाही घासत होतो हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

मग किल्ल्याच्या पायथ्यावर केलं. तिथे जास्त वेळ दाबला, प्लास्टिक चिखलासारखं झालं. इंजिनाच्या टाकीवर केलं. रणगाड्यावर केलं. मोटारसायकलची टाकी छोटी, ती आतच गेली. संध्याकाळपर्यंत कपाटातल्या प्रत्येक वस्तूवर म्हाताऱ्या अंगठ्याचा एकेक डाग पडला. त्यातलं काहीच आता नीट होण्यासारखं नव्हतं, आणि त्याचं त्यांना फारसं वाईट वाटलं नाही, याचंच वाईट वाटलं.

शेवटी अंगठ्याची कड जमली. त्या बाजूला रेघा थोड्या शाबूत होत्या. त्यांनी जहाज मांडीवर उलटं घेतलं, डाव्या अंगाला गोंदाचा थेंब पसरला, श्वास धरला आणि अंगठा टेकवला. उचलला तेव्हा चार-पाच वळणदार रेघा उमटल्या होत्या. फिकट, पण रेघा. हे काम त्यांच्या हातून झालेल्या कामांत सगळ्यात चोख होतं.

त्यानंतर जहाज भराभर पुरं झालं. दुसरं कुठलंच किट हातात घेण्यासारखं उरलं नव्हतं. गोंद सुकत असला की ते सुकेपर्यंत नुसते बसून राहत. तळाला लाल रंगाचे दोन हात दिले, ठसा भरून जाऊ नये म्हणून अगदी पातळ. वरच्या भागाला पांढरा. डोलकाठ्या उभ्या केल्या, दोऱ्या ताणल्या. एके सकाळी ते पुढचं काम शोधायला लागले आणि काही सापडेना. फुमिए दारात येऊन बघून गेली. "छान झालंय," म्हणाली. वॉर्डबद्दल काही बोलली नाही.

याइझूच्या देवळात माणसं थोडीच होती. तेहतिसाव्याला येणारे म्हणजे ज्यांचे गुडघे अजून चालतात तेवढेच. भिक्षूने सूत्रं म्हटली, एकेकाने पुढे होऊन उदाची चिमूट निखाऱ्यावर सोडली. मग शेजारच्या खोलीत जेवणाचे डबे उघडले. जहाज मधल्या टेबलावर ठेवलं होतं. लोक वाकून बघत होते.

"डोलकाठीवरची दोरी बघा, केसासारखी आहे," कुणीतरी म्हणालं.

तेत्सुजीचा धाकटा भाऊ जन्मभर मासळी बाजारात बोलीवर ओरडलेला. त्याचा खालचा आवाजही खोलीभर जायचा. "आमच्या बंदरात खरं जहाज वर्षभरात बांधून समुद्रात जातं. तुम्हाला तेहतीस लागली. दादा वर बसून हसत असेल."

सगळे हसले. कात्सुमाताही हसले.

जेवणं झाल्यावर बाकीचे बाहेर सिगारेट ओढायला गेले. इसोए भिंतीच्या आधाराने येऊन त्यांच्याशेजारी बसली. "आणा बघू," म्हणाली. त्यांनी जहाज तिच्या मांडीवर दिलं. तिने ते हलक्या हाताने कलतं केलं आणि डाव्या अंगाला तळाशी बोटं नेली. फार शोधावं लागलं नाही.

"हाच ना?"

"हो."

तिने त्यावरून एकदा बोट फिरवलं, मग पुन्हा. मग स्वतःचा अंगठा त्यावर ठेवला आणि तशीच बसली. बाहेरून तिच्या दिराचा आवाज येत होता.

"केवढासा आहे," ती म्हणाली. "माझ्या मनात हा केवढा मोठा होता."

"रंगाचे हात दिले की भरतो थोडा," कात्सुमाता म्हणाले. जाणकार माणसाच्या आवाजात म्हणाले. तो आवाज आपोआप आला.

"हो, असेल. तुम्हाला एक सांगू का? घरात कुणाला सांगू नका. मला वाटलं होतं, हाताला लागला की तो सगळा परत येईल. ती सकाळ, टॅक्सीचा हॉर्न, गोंदाचा वास. गेली कित्येक वर्षं मी हे राखून ठेवलं होतं. म्हटलं, शेवटच्या दिवशी तेवढं मिळेल आणि मग जाऊ दे त्याला." तिने अंगठा उचलला आणि पुन्हा टेकवला. "काहीच होत नाहीये. कुणा परक्याचा हात धरल्यासारखं वाटतंय."

कात्सुमाता तिच्या हाताकडे बघत राहिले.

"तुमच्या कामात काही खोट नाही," ती घाईने म्हणाली, जणू त्यांना वाईट वाटेल म्हणून. "खोट माझ्यातच आहे. त्याचाच अंगठा, आणि मला ओळखू येत नाही. मीच कोरडी झाले. आजवर उगाच समजत होते की माझ्या लक्षात आहे तो."

"इसोए-सान," कात्सुमाता म्हणाले.

"काय?"

तिने चेहरा त्यांच्याकडे वळवला. तिची नजर त्यांच्या कानाच्या जरा बाजूला कुठेतरी लागली होती. वाक्य तयार होतं. छोटंसं, दोन-तीन शब्दांचं. ते बोललं तर तिला स्वतःची आठवण परत मिळाली असती, आणि अंगठा कायमचा गेला असता. पण त्यांचं उघडलेलं तोंड मिटलं ते या हिशेबाने नव्हे. एवढं गणित त्या वेळी त्यांना सुचलंच नाही. ते घाबरले, एवढंच.

"डोलकाठ्यांना जपा," ते म्हणाले. "फार नाजूक असतात."

"हो का," ती म्हणाली, आणि तिने तळाखालचा हात काढून घेतला. मग दोन्ही हातांनी जहाज वरच्या कडांना सांभाळून धरलं आणि भाऊजी कधी आत येतात याची वाट बघत बसली.