पोटातले गवंडी

वॉर्डात तिला सगळे चौकशी सिस्टर म्हणत, आणि ते काही कौतुकानं नव्हे. मनोरुग्णांच्या वॉर्डात वीस वर्षं काढूनही या बाईला प्रश्न विचारायचा कंटाळा आला नव्हता.

मास्तर आठवडाभर सांगत होते, "माझ्या पोटात गवंडी भिंत बांधतायत." मास्तर म्हणजे गणिताचे निवृत्त शिक्षक. पूर्वी त्यांना भिंतीतून आवाज ऐकू येत. आता भिंत पोटात गेली, याचं कुणाला नवल वाटलं नाही. डॉक्टरांनी गोळी वाढवायचं ठरवलं. आज दुपारी नवा डोस सुरू व्हायचा होता.

सिस्टरला मात्र राहवेना. गोळी हातात घेऊनच ती खाटेवर टेकली.

"मास्तर, भिंत कुठवर आली?"

मास्तर चमकले. आजवर सगळ्यांनी 'भिंतबिंत काही नाही' एवढंच सांगितलं होतं. त्यांनी डाव्या कुशीवर बोट ठेवलं. "इथून काम काढलं. आज बेंबीच्या वर गेलंय."

"हात लावू?"

पोट फुगलेलं, टणक. सिस्टरनं हातातल्या गोळीकडे पाहिलं. या गोळीनं आतडी सुस्तावतात, म्हणून तर रोज शौचाचा तक्ता भरायचा. तक्त्यात मात्र अकरा दिवस न चुकता बरोबरची खूण.

तिनं वॉर्डातल्या मावशींना हाक मारली. "मावशी, ही खूण कशी करता?"

"कशी म्हणजे? मास्तर संडासात जातात, चांगला अर्धा तास बसतात. मग करते."

"आत काय करता हो, मास्तर?"

"नुसता बसतो. अख्ख्या वॉर्डात तेवढंच दार आपल्या हातानं लावता येतं."

सिस्टरनं गोळी बाजूला ठेवली आणि डॉक्टरांना फोन लावला. "आता भिंतीवर तुमचाही विश्वास बसला का?" डॉक्टर वैतागले. "पोट बघायला या, मग हसा," ती म्हणाली. ते आले, पोट दाबलं आणि हसायचं विसरले. संध्याकाळच्या आत मास्तर सर्जनकडे होते. उद्यावर गेलं असतं तर आतडं फुटलं असतं, असं सर्जननं सांगितलं.

आठवड्यानं मास्तर परत आले. सिस्टर तक्त्याची प्रत घेऊन त्यांच्यासमोर बसली. तिला लाज वाटत होती, कारण मावशींच्या प्रत्येक खुणेपुढे ड्यूटीवरच्या सिस्टरची सही असे, आणि त्या अकरापैकी चार सह्या, काही न विचारता केलेल्या, तिच्या होत्या.

"मी खोटं बोलत नव्हतो," मास्तर म्हणाले.

"नाही. खोटं आम्ही लिहिलं."

मास्तरांनी तिचं पेन मागून घेतलं. "मावशींच्या खुणा राहू देत, त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं," म्हणाले, आणि सिस्टरच्या चारही सह्यांवर सावकाश फुल्या मारल्या.